खांद्यावरचे छप्पर : नरडाण्याच्या वाटेवर एक मुक्काम

वाचकहो, चैत्र लागला की एखाद्या संध्याकाळी नरडाण्याला उतरून पाहा. नरडाणा हे काही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीतले गाव नव्हे. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले, धुळ्याहून शिरपूरकडे जाताना साधारण ३० किलोमीटरवर लागणारे हे गाव. किल्ला पाहायचा तर अलीकडे सोनगीरला थांबावे; तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीही सोनगीरचेच नाव. नदी पाहायची तर पुढे सावळद्याला तापीच्या पुलावर जावे. नरडाण्यात पाहायचे ते रस्ते आणि रस्त्यावरची माणसे.

इथे दोन मोठ्या वाटा एकमेकींना भेटतात. एक सुरत-भुसावळ लोहमार्ग, जुनी मंडळी ज्याला अजूनही तापी व्हॅलीची गाडी म्हणतात. दुसरी मुंबई-आग्रा सडक. तिचा पूर्वीचा क्रमांक ३, आता या टप्प्यात ५२. अलीकडे औद्योगिक वसाहतही झाली, त्यामुळे मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस. पण चैत्रात याच सडकेच्या कडेने आणखी एक वाट वाहू लागते. ती पायी चालणाऱ्यांची. हातात भगवे निशाण, डोक्याला फडके, खांद्याला पिशवी, पायात असली तर चप्पल. शिरपूरकडची, तापीपलीकडची, काही थेट मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचीही मंडळी सप्तशृंगीच्या गडावर निघालेली असतात. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ ते हेच. अठरा हातांची आई. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत तिथे यात्रा भरते आणि खान्देशाचे तर ते माहेरच. नरडाण्याहून धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करीत नांदुरीला पोचायचे म्हणजे वाट दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते. चार-पाच मुक्काम तरी होतातच.

आता तुम्हीच सांगा, या चार-पाच रात्री ही माणसे निजतात कुठे?

बहुतेकांचे उत्तर सोपे असते. जिथे पाय थकले तिथे. कुणी पेट्रोल पंपाच्या ओट्यावर, कुणी देवळात, कुणी शाळेच्या पडवीत. जागा मिळाली नाही तर सडकेच्या कडेला, अंगावरची चादर अंथरून. कानापासून आठ-दहा हातांवरून मालमोटारी धडधडत जातात आणि दमलेल्या माणसाला त्याचेही भान राहत नाही. हे दृश्य मी अनेक वर्षे पाहत आलो होतो. म्हणून त्या संध्याकाळी नरडाण्याच्या शिवारात जे पाहिले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

सडकेपासून दोन शेते आत एका बांधावर चार कडुनिंब आणि एक चिंच उभी होती. शेत मोकळे झालेले. तिथे तेरा जणांची एक टोळी थांबली होती. त्यांचे म्होरके साठी ओलांडलेले, सगळे त्यांना आबा म्हणत. सोबत त्यांची बायको, तिला सगळे जिजी म्हणत. दोन सुना, एक पुतण्या, बाकी भाऊबंद. आबांनी आधी शेतमालकाला गाठले, निंबाखाली उतरू का म्हणून विचारले. मालक म्हणाला, "उतरा की. सावलीला कुणी भाडे घेते का?" मग त्यांनी पिशव्या उघडल्या आणि माझ्यादेखत अर्ध्या तासात घर उभे राहिले.

एका निंबापासून दुसऱ्या निंबाला डोक्याच्याही वर एक दोरी ताणली. तिच्यावर ताडपत्री टाकली. चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या खुंट्यांना बांधल्या. झाले छप्पर. त्या छपराखाली, त्याच दोन झाडांना, जाड कापडाची एक लांब झोळी टांगली. शेजारच्या दोन झाडांना तशीच दुसरी. पहिलीत जिजी निजणार, कारण तिचे गुडघे दुखत आणि जमिनीवरून उठणे तिला जड जाई. दुसरीत आबा. बाकीची मंडळी ताडपत्रीखाली बारदान टाकून.

मी विचारले, "आबा, हे शहरी चोचले कुठून शिकलात?"

आबा हसले. आपल्या अहिराणीत म्हणाले, "जमीनवर इचूबी फिरस नि सापबी. आपुन कसाले तठे निजानं?" जमिनीवर विंचूही फिरतो आणि सापही, मग आपण तिथे कशाला निजायचे? आणि मग हसू ओसरल्यावर त्यांनी खरे कारण सांगितले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या गल्लीतला एक तरणाताठा पोरगा रात्री पिकाच्या राखणीला गेला. झोपडीत गोणपाट टाकून जमिनीवरच निजला. पहाटे पोटात दुखते म्हणाला, डोळे मिटू लागले. साप कुणी पाहिला नव्हता, अंगावर धड खूणही दिसत नव्हती. अपचन झाले असेल म्हणून घरगुती उपाय करण्यात दोन तास गेले. ते दोन तासच नडले. "मण्यार होती," आबा म्हणाले. "बाज अर्धा कोस वाहून नेण्याचा कंटाळा केला, एवढीच त्याची चूक."

मण्यारीचे वागणे असेच असते, हे डॉक्टरही सांगतात. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे हीच तिची ओळख. अशा वेळी मांत्रिक नको, कापणे-चोखणे नको, करकचून आवळपट्टी नको. हालचाल न करू देता थेट सरकारी दवाखाना. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. पण ती वेळेत मिळाली पाहिजे. आणि मुळात दंशच टाळायचा तर जमीन सोडून निजावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. घरी बाज असते. वाटेवर, खळ्यावर, दूरच्या शेतात बाज कोण नेणार? तिथे झोळी.

तिला शहरातले हौशी लोक हॅमॉक म्हणतात. डोंगरात भटकायला जाताना पाठीवरच्या पिशवीत घालून नेतात. तो शब्द वेस्ट इंडीज बेटांवरच्या मूळ लोकांचा. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, तेव्हा तिथली माणसे सुताच्या जाळ्या टांगून त्यांत निजताना त्याला दिसली. पुढे युरोपातल्या खलाशांनी ती रीत उचलली. जहाज डोलले तरी झोळी सरळ राही आणि सकाळी गुंडाळून ठेवली की जागा मोकळी. पण तुमच्या-माझ्या घरात हे नवे आहे काय? निंदणीला गेलेली आई जुन्या लुगड्याची झोयी बांधते, बाभळीच्या फांदीला टांगते आणि त्यात तान्हे बाळ निजवते. मुंग्या नाहीत, विंचू नाही, वाऱ्याची झुळूक मात्र आहे. आपल्या आयांना जे कळले होते, तेच आबांनी थोरांसाठी केले. फरक एवढाच, की बाळाचे वजन पाच किलो आणि आबांचे साठ.

छपराचेही तसेच. त्याच शिवारात थोड्या अंतरावर ठेलाऱ्यांचा वाडा उतरला होता. मेंढ्या शेतात बसवल्या होत्या. वाघूर लावलेली, आत कोकरांचा कलकलाट, बाजूला घोडी बांधलेली आणि त्यांची ती बुटकी पाले. दिवाळीनंतर गाव सोडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे, असे त्यांचे वर्ष. सारा संसार घोड्यावर लादायचा आणि उतरवायचा, हे काम बायकांच्या हातचे. त्यातल्या एकीला मी पाल उभारताना पाहिले. वारा कुठून येतो हे तिने पदराचे टोक धरून पाहिले, पालाची पाठ तिकडे केली आणि तोंड कोकरांकडे. कुणी पुस्तक लिहून तिला हे शिकवले नव्हते.

शिकारीच्या दिवसांत खान्देशात दुसऱ्याच तऱ्हेचे मुक्काम पडत. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात भिल्लांची पलटण उभारली. तो वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. साहेबांचे तंबू बैलगाड्यांवर आणि उंटांवर लादून निघत, मागे माणसांचा तांडा चाले. रानात उतरायचे म्हणजे एवढा बारदाना लागतो, असा समज तेव्हापासून रुजला. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, हे चांगलेच झाले. यावलच्या अभयारण्यात किंवा शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरणाच्या अभयारण्यात जायचे तर प्राणी पाहायला जावे, आणि तेही वन खात्याची परवानगी घेऊन. रात्रीचा मुक्कामही ते सांगतील तिथेच. पण रानात, शेतात, वाटेवर रात्र काढायला गाडाभर सामान लागत नाही, ही गोष्ट ठेलारी जाणत होते आणि आबाही जाणत होते.

किती लागते ते हिशेबानेच पाहू. ताडपत्री आपण घेतो ती जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम यावर. दहा फूट बाय बारा फूट तुकडा भरतो सुमारे ११ चौरस मीटर. १२० जीएसएमची असेल तर वजन सव्वा-दीड किलो. २०० जीएसएमची घेतली तर सव्वादोन किलो. पातळ नायलॉनची त्याच मापाची पाऊण किलोत बसते, पण महाग पडते. झोळीचे नायलॉनचे कापड अर्धा किलो, जाड सुती असेल तर सव्वा किलो. वर दोऱ्या. म्हणजे तीन किलोच्या आतबाहेर एका माणसाची निजायची सोय आणि तीन-चार माणसांवर छप्पर.

आता झोळी बांधायची कशी, ते नीट ऐका, कारण बहुतेकजण इथेच चुकतात.

कापड सहा हात लांब, तीन हात रुंद हवे आणि मजबूत हवे. जुने विरलेले लुगडे बाळाला चालते, थोराला नाही. कापडाचे टोक चुण्या घालून गोळा करावे, वीतभर उलटे दुमडावे आणि त्या दुमडीखाली पोत्याच्या तोंडासारखी दोरी आवळावी, म्हणजे ती निसटत नाही. दोन झाडांत आठ-दहा हातांचे अंतर असावे. झाडाला दोरी थेट बांधू नये. गोणपाटाची किंवा जुन्या पट्ट्याची चार बोटे रुंद घडी मध्ये घ्यावी. सालीला काच पडला की झाडाचा रस तुटतो, आणि ज्या झाडाने आपल्याला रात्रभर धरले त्याला जखम करून जाणे बरे नव्हे.

मुख्य गोष्ट ढिलाईची. नवा माणूस झोळी बाजेसारखी ताणून बांधतो. त्याला वाटते, घट्ट तेवढी मजबूत. उलटे आहे. आबांनी मला हाताने मोजून दाखवले. झाडापासून झोळीपर्यंत दोरी दोन हात लांब असेल, तर आपण निजल्यावर ती खाली एक हात उतरली पाहिजे. हे माप बरोबर का, ते मी नंतर वहीत हिशेब करून पाहिले. साठ किलोचा माणूस निजला आणि दोन हात दोरीला एक हात उतार असला, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर ओढ येते साठ किलोची. उतार एक वीतच ठेवला, तर तीच ओढ होते १२० किलो. आणि कसून बांधून उतार चारच बोटे राहिला, तर एकेका दोरीवर तब्बल ३६० किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलच्याही वर! माणूस तोच, दोरी तीच, झाड तेच. नुसत्या ताणाने भार सहापट झाला. मग दोरी तुटते, गाठ सुटते किंवा कोवळे झाड वाकते. गाठीपाशी दोरी आधीच कमकुवत झालेली असते, हेही ध्यानात ठेवा. दोरी बोटभर जाड घ्यावी, कुठे झिजली-उसवली नाही ना हे रोज पाहावे आणि आधी हाताने लोंबकळून, मग बसून, मगच निजावे.

अशी ढिली झोळी केळ्यासारखी वाकलेली दिसते. पण तिच्यात सरळ न निजता थोडे तिरके निजावे, डोके एका बाजूला, पाय दुसऱ्या. मग कापड सपाट होते आणि पाठ दुखत नाही. बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून हातभर उंच असला की पुरे. हौसेने उंच बांधू नये. रात्री उठताना पडायला होते. लोंबती दोरी, पदर, चादर जमिनीला टेकू देऊ नये. त्यांवरून मुंग्या चढतात. आणि पौष-माघात झोळीत निजणार असाल, तर एक गोधडी अंगाखाली घ्या. थंडी वरून लागते त्याहून अधिक खालून लागते.

पावसाची गंमत निराळी. वर ताडपत्री असली तरी झाडावरचे पाणी दोरीवरून ओघळत थेट झोळीत येते. यावर उपाय अगदी साधा. छपराच्या आत, झोळीच्या अलीकडे, दोरीला चिंधीचा एक तुकडा लोंबता बांधावा. पाणी तिथे थांबते आणि चिंधीवरून जमिनीवर गळते.

चैत्रातल्या पदयात्रेत मात्र छपराची खरी गरज रात्री नसते, दुपारी असते. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. शहाणे पदयात्री पहाटे तीनला निघतात, दहाच्या आत थांबतात आणि पुन्हा उन्हे कलल्यावर चालू लागतात. मधले सहा-सात तास सावली हवी. झाड मिळाले तर त्यासारखे काही नाही. नाही मिळाले तर ताडपत्री. पण निळी-काळी ताडपत्री डोक्याला टेकेल अशी बांधली, तर ती तव्यासारखी तापते. ती उंच बांधावी, दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत, फिकट बाजू वर करावी. आणि तिच्या खाली वीत-दीड वीत अंतर सोडून एक सुती लुगडे आडवे ताणावे. मधून हवा खेळते आणि तापल्या ताडपत्रीची धग लुगड्यावर अडते. जिजीने ही युक्ती मला सांगितली. ती म्हणाली, कांद्याच्या चाळीचे छप्परही आपण असेच उंच आणि वाऱ्याला मोकळे ठेवतो की नाही? माणूस काय कांद्याहून कमी आहे?

आता कुठे बांधू नये, तेही सांगतो. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कधीही नाही, मग ओली दोरी असो की कोरडी. वाळलेल्या फांदीखाली नाही. उभ्या मालमोटारीच्या पोटाखाली नाही. काही क्लीनर मंडळी तशी झोळी टांगून निजतात, ते पाहून कुणी अनुकरण करू नये. सडकेच्या लगत नाही, निदान एक शेत आत जावे. नाल्याच्या पात्रात नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात उघड्यावर एकट्याने निजूच नये. तिथे बंद खोलीच हवी, झोळी काही त्याच्यापासून वाचवत नाही. आणि विजा चमकत असताना झाडाखाली तर मुळीच नाही.

हे शेवटचे त्याच रात्री पटले.

जेवणे झाली. जिजीने देवीची गाणी म्हटली. सगळी निजली. मीही ताडपत्रीच्या कडेला पडलो होतो. रात्री दोनच्या सुमारास वारा पडला. एकदम उकडू लागले. आबा झोळीत उठून बसले. पश्चिमेकडे, साक्रीच्या अंगाला, आभाळात उजेड पडत होता. आवाज नव्हता, नुसता उजेड. आबांनी थोडा वेळ तो पाहिला. मग पहिला गडगडाट ऐकू आला आणि त्यांनी हाक दिली, "उठा रे, खाली उतरा, झाडं सोडा!"

पुतण्या झोपेतच म्हणाला, "आबा, वर ताडपत्री आहे ना. भिजणार नाही."

"भिजण्याला कोण भितो?" आबा म्हणाले. "झाडाला भितो मी. अख्ख्या शिवारात उंच तीच."

झोळ्या, ताडपत्री सगळे जागेवर सोडून तेरा माणसे आणि मी, अंधारात ढेकळे तुडवत, बॅटरीच्या उजेडात गावाकडे निघालो. वाटेत ठेलाऱ्यांना हाक दिली. त्यांची पाले मोकळ्या रानात होती, कुत्री भुंकत होती. दोघीजणी पोरांना कडेवर घेऊन आमच्यासोबत आल्या, पुरुष मेंढ्यांजवळ थांबले. मेंढ्या सोडून कसे येतील? शेतमालकाच्या घराशी पोचेतो थेंब पडू लागले होते. त्याने दार उघडले, आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता ओटीवरची पोती बाजूला सारली. त्याची बायको चुलीकडे गेली. बाहेर अर्धा तास वादळ झाले. चार गारा, थोडा पाऊस, पुष्कळ विजा.

सकाळी जाऊन पाहिले. झाडे धड होती. वीज पडली नव्हती. एका कोपऱ्याची दोरी तुटून ताडपत्री बाभळीला अडकली होती, एवढेच. पुतण्या हळूच म्हणाला, "उगीच गेलो." आबांनी ऐकले, पण उत्तर दिले नाही. ते झोळी उलटी करून झटकत होते. ठेलाऱ्यांची तीन कोकरे मात्र गारठून मेली होती. रात्री आमच्याबरोबर आलेल्यांतली एकजण त्यांच्याशी बसून होती. जिजी तिच्याजवळ गेली, थोडा वेळ नुसती बसली आणि आली.

मग अर्ध्या तासात घर मोडले. खुंट्या उपटल्या, खड्डे बुजवले, दोऱ्या गुंडाळल्या, पत्रावळी खड्ड्यात पुरल्या. शेतमालक बांधावर उभा होता. आबांनी त्याला गडावरून प्रसाद पाठवतो म्हटले. तो म्हणाला, "प्रसाद पाठवा. पण पुढच्या वर्षी याल तेव्हा आधी निरोप धाडा. त्या तिसऱ्या निंबाची एक फांदी वाळत चालली आहे, ती तोपर्यंत तोडून ठेवतो."

वाचकहो, मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट. झोळी-ताडपत्रीचे कसब तुम्ही चार दिवसांत शिकाल. ज्यांच्या शिवारात विजेची पाळी रात्री येते, ज्यांना हरभऱ्याची, मक्याची राखण करावी लागते, खळ्यावर निजावे लागते, त्यांनी ते जरूर शिकावे. एक झोळी शिवून घ्या, एका सुटीच्या दुपारी घरच्या निंबाला बांधून पाहा, पोरांना ढिलाईचा हिशेब दाखवा. घरातला माणूस रात्री शेतात जाताना तो जमिनीवर निजणार नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

पण तुमचे शेत सडकेलगत असेल, तर आणखी एक काम करा. चैत्र लागण्याआधी बांधावरची झाडे एकदा डोळ्यांखालून घाला. कोणती दोन धडधाकट आहेत, कोणत्या फांदीला हात लावू नये, विजेची तार कुठून जाते, पाणी कुठे आहे आणि आभाळ भरून आले तर कोणत्या घराचे दार ठोठवावे, हे मनाशी ठरवून ठेवा. संध्याकाळी निशाण घेतलेली माणसे सडकेवर दिसली, तर त्यांना हाक मारून सांगा. छप्पर त्यांच्या खांद्यावर असेल. ते टांगायला दोन झाडे तेवढी आपली लागतील.